तर्जनीच्या पेरावर

जुलै १५४५. तुम्ही पोर्ट्समथच्या किनाऱ्यावर उभे आहात आणि हातातलं धनुष्य तुमच्याहून उंच आहे. समोर सोलेंटच्या सामुद्रधुनीत आठव्या हेन्रीचं आरमार नांगर टाकून आहे. फ्रेंच येताहेत, असा गलका चालू आहे. या गडबडीत एका म्हाताऱ्या तिरंदाजाने तुम्हाला हाताशी धरलंय. का, ते विचारू नका. काळात मागे गेलं की असा कुणीतरी भेटावाच लागतो.

धनुष्य यू नावाच्या झाडाचं आहे. तुमच्याकडे तोंड असलेली बाजू तांबूस, ती गाभ्याची. पलीकडची फिकट पाठ सालीलगतच्या लाकडाची. ओढताना गाभा दाब सोसतो आणि पाठ ताण. तुम्ही मुठीच्या जागेवर बोट फिरवता आणि थबकता. क्लबातल्या तुमच्या रिकर्व्ह धनुष्याला तिथे बाण मधोमध जावा म्हणून कापलेली खिडकी आहे आणि खिडकीत चिकटवलेला ॲरो रेस्ट, म्हणजे बाणाचा टेकू. इथे कट्टा नाही, खाच नाही, मुठीला चामडंसुद्धा नाही. वरपासून खालपर्यंत एक सलग, गोलसर, निमुळती काठी.

"बाण टेकवू कशावर?"

म्हातारा तुमची डावी मूठ काठीभोवती आवळतो आणि तर्जनीच्या पेरावर टिचकी मारतो. "ह्यावर. दुसरं काय असतं?"

आता जुळवाजुळव सुरू होते. स्क्रू नाहीत, त्यामुळे ती सोपी वाटते. तशी ती नाही. रेस्ट तुमच्या मुठीचाच असेल तर मूठ बोटभर वर सरकली की रेस्टही बोटभर वर सरकला. म्हणून म्हातारा तुम्हाला धनुष्य खाली ठेवायला लावतो, पुन्हा उचलायला लावतो, पुन्हा ठेवायला लावतो. मूठ न बघता त्याच जागी बसेपर्यंत बाण हातात मिळत नाही.

मग दोरीची पाळी. ती हेंपच्या तंतूंची आहे आणि बाणाची खाच जिथे बसते तिथे तिच्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे आहेत. म्हातारा बाण दोरीशी काटकोनात धरतो, मग मागचं टोक थोडंसं वर उचलतो आणि म्हणतो, "इथे." खाली लावलात तर सुटताना बाणाची शेपटी पेरावर आदळेल आणि बाण वरखाली उड्या घेत जाईल. याच वर्षी रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या केंब्रिजच्या विद्वानाने 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरचं पुस्तक राजाला अर्पण केलंय. त्यात त्याने उभं राहणं, बाण लावणं, ओढणं, धरणं आणि सोडणं असे पाच भाग पाडलेत. बाण लावणं त्याच्या मते सगळ्यांत सोपं काम: फार उंच नको, फार खाली नको, लक्ष दिलं की झालं. विद्वानांना असं म्हणता येतं. पण पुढे तोच बजावतो की दर वेळी वेगळ्या जागी लावलेला बाण अंतर चुकवतो.

बाणाला हंसाची किंवा बदकाच्या जातीतल्या पक्ष्याची तीन पिसं आहेत. त्यातलं एक धनुष्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे उरलेली दोन काठीला घासत न्यावी लागत नाहीत. पिसांवर बारीक दोऱ्याचे वेढे आहेत. पिसाच्या देठाचं पुढचं टोक सुटलेलं असेल तर ते पेर सोलून काढतं. तुमच्याकडच्या प्लास्टिकच्या पात्यांनी इथे निभाव लागणार नाही; पीस पेरावरून जाताना दबतं, प्लास्टिक उसळतं.

ओढायचं तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेने. अंगठा मोकळा. एकलव्याची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही: द्रोणाचार्यांनी मागितलेली गुरुदक्षिणा या किनाऱ्यावर त्याला फारशी महागात पडली नसती. तुर्कस्तानापासून चीनपर्यंत जिथे दोरी अंगठ्याने ओढतात, तिथे बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो. इथे तो डाव्या अंगाला. दोरी कशी धरता, त्यावर रेस्टची बाजू ठरते.

तुम्ही ओढता. कानापर्यंत जात नाही, हनुवटीपर्यंतही नाही. ही धनुष्यं ओढायला १०० पौंडांच्या वर जोर लागतो. म्हातारा हसत नाही, हलकं धनुष्य देतो.

पण एक शंका तुम्हाला छळतेय. काठी जाड आहे आणि बाण तिच्या डाव्या अंगाला आहे, म्हणजे दोरी परत येता येता त्याचं टोक अधिकाधिक डावीकडे वळणार. तरी म्हाताऱ्याचा बाण सरळ जातो. कसा? तो खांदे उडवतो आणि तुमच्या हातातला बाण बदलतो. दुसरा जरा बारीक आहे. तोही सरळ जातो!

उत्तरासाठी १९३०च्या दशकातल्या अमेरिकेत यावं लागतं. क्लॅरेन्स हिकमन हा भौतिकशास्त्रज्ञ बाण सुटतानाची अतिवेगवान छायाचित्रं घेतोय. बाण सरळ राहतच नाही. बोटांवरून दोरी निसटताना तिला बाजूला धक्का बसतो, बाण वाकतो, मग उलटा वाकतो, मासोळीसारखा अंग वळवत काठीला वळसा घालतो आणि शेपटी तिला न लागता पार होते. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळला तरच हे साधतं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फाजील ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक बाण उजवीकडे. म्हाताऱ्याने बाण बदलून हेच जुळवलं होतं, फक्त कारण न सांगता.

तो कुठल्या जहाजावर चढणार होता, ते विचारलं नाहीत हे बरं. १९ जुलैला राजाच्या डोळ्यांदेखत त्याचं जहाज 'मेरी रोझ' बुडालं, बहुतेक माणसांसकट. १९८२ मध्ये जहाजाचा सांगाडा वर काढला. त्या जहाजातून १७२ धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. पोर्ट्समथच्या संग्रहालयात ती धनुष्यं बघाल तेव्हा मूठ शोधा: एकाही काठीवर बाण टेकवायला कट्टा नाही.

आजच्या पारंपरिक धनुष्यांना बहुधा मुठीवर छोटा कट्टा कापलेला असतो. त्यावर चामड्याची किंवा केसाळ कापडाची पट्टी लावतात. पट्टी सपाट नको, मुठीच्या सर्वांत खोल भागाच्या बरोबर वर थोडी उंचवटलेली हवी, म्हणजे बाण कमी जागेत टेकतो आणि मनगटाची हालचाल त्याच्यापर्यंत कमी पोचते. नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाणाची खाच बसते ती जागा, काटकोनाच्या साधारण सेंटीमीटरभर वर ठेवून सुरुवात करा आणि बाणाची उडी बघत तो खालीवर सरकवा. माझ्या मते बाकी सगळी उठाठेव नंतरची. बाण डावी-उजवीकडे जात असेल तर पट्टी उपटू नका, जाडही करू नका. क्लबातून वेगवेगळ्या ताठपणाचे, पण पिसांचेच तीन-चार बाण मागून आणा आणि आधी ते सोडून पाहा.