गाडीचा दम : एका कॅमशाफ्टची कुळकथा

गेल्या वैशाखात वडिलांच्या सीजे-३बी जीपचं इंजिन उघडलं, तेव्हा कॅमशाफ्टचे तीन लोब झिजून बसके झालेले निघाले. मिस्त्रींनी दांडा हातात फिरवून पाहिला. म्हणाले, "दादा, घासायला टाकतोच आहे, तर रॅलीवाल्यांसारखा तेज कॅम करून घेऊ. पिकअप बघा कसा येतो ते." जीप मला रोज लागते. भोरहून वरंध घाटाच्या अंगाला आमची वाडी, आणि शेवटचे तीन किलोमीटर निव्वळ चिखल नि दगड. दुसरी गाडी नाही, इंजिन दोनदा उघडायला पैसेही नाहीत. "उद्या सांगतो," म्हणून घरी आलो आणि इंजिनाची जुनी पुस्तिका काढली.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहणार, हे त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. इनलेट उशिरा मिटला तर चढ्या वेगात फायदा होतो, कारण आत धावत येणारं मिश्रण स्वतःच्या झोताने सिलिंडर भरत राहतं. इंजिन सावकाश फिरत असताना मात्र त्या झोतात जोर नसतो. वर येणारा पिस्टन तेच मिश्रण मागे ढकलून देतो. पुस्तिकेतले आकडे संयमी आहेत. इनलेट पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी ९ अंशांवर उघडतो आणि तळ ओलांडल्यावर ५० अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट तळाआधी ४७ अंशांवर उघडून माथ्यानंतर १२ अंशांनी मिटतो. प्रत्येक व्हॉल्व्ह २३९ अंश उघडा, आणि दोन्ही एकदम उघडे जेमतेम २१ अंश.

हा संयम आला कुठून? या इंजिनाचं मूळ अमेरिकेतल्या टोलेडो शहरी, विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या १९२६ च्या व्हिपेट मोटारीत सापडतं. १९३८ साली डेल्मर 'बार्नी' रूस तिथे मुख्य अभियंता म्हणून आला. नवं इंजिन बनवण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता, तेव्हा त्याने जुनंच सुधारायला घेतलं आणि ४८ अश्वशक्तीचं इंजिन ६० वर नेलं. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी अटी काढल्या, त्यात इंजिनाचा टॉर्क किमान ८५ पौंड-फूट मागितला होता. टॉर्क म्हणजे पीळ देण्याची ताकद. गॅरेजच्या भाषेत 'दम'. रूसच्या इंजिनात तो १०५ होता, आणि तोही अवघ्या २००० फेऱ्यांना. विलीजची गाडी वजनाला जड होती, पण या दमापुढे स्पर्धकांची इंजिनं फिकी पडली.

मला सगळ्यात बोलका वाटला तो पुढचा टप्पा. युद्धानंतर जास्त ताकद हवी झाली, तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून हेडमध्ये नेला आणि मोठा केला. एक्झॉस्ट खालीच राहिला. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही उंचावलं, आणि १९५३ ची सीजे-३बी जन्मली. (तिचं ते कपाळ मोठं असलेलं रूप काहींना आवडत नाही. मला आवडतं.) ताकद ७२ अश्वशक्तीवर गेली, टॉर्क ११४ वर, पण टॉर्कचं शिखर २००० फेऱ्यांवरच राहिलं, आणि व्हॉल्व्हच्या वेळाही त्याच. मुंबईत महिंद्रांनी हीच जीप पुढे कित्येक वर्षं बनवली. आपल्याकडे अनेकांनी नंतर पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. आमचं राहिलं ते वडिलांच्या हट्टामुळे.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्या होतात. म्हणजे १००० फेऱ्यांना जीप चालत्या माणसाच्या वेगाने सरकते, आणि टॉप गिअरमध्ये २००० फेऱ्यांना ताशी साधारण ५० किलोमीटर पडतात. भोर ते वाडी माझं आयुष्य या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. तेज कॅमची गंमत ३५०० च्या वर सुरू होणार, म्हणजे ताशी ऐंशीच्या पुढे. तिथे माझी जीप जात नाही, आणि तिच्या ब्रेकांकडे पाहता जाऊही नये. शिवाय या जीपचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिले की आयडलला व्हॅक्यूम घटतो. आषाढात घाटात वायपर अडला तर पिकअप कुणाला दाखवू?

सकाळी मिस्त्रींना सांगितलं, कंपनीच्याच मापाला घासा. ते जरा हिरमुसले. टॅपेट नवे टाकले, गॅप लावला : इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६. पहिल्या पावसात त्यांना शेजारी बसवून वाडीच्या चढाला लावलं. लो रेंज, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जवळजवळ नाहीच. मधल्या दगडावर इंजिन दबलं, खोल आवाजात गुरगुरलं आणि वर चढलं. वायपर फिरत होते.

"पिकअप काही नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या अंगणात आणखी एक उघडलेली जीप उभी होती. परतल्यावर तिच्यासाठी त्यांनी पुस्तिकेतलं ते पान मागून घेतलं.