अफूविरोधी लोकशिक्षण, भारतातील

अफू व तिच्यापासून काढलेले पदार्थ यांच्या सेवनाने होणाऱ्या अपायांची माहिती सर्वसामान्य जनतेला देऊन तिला व्यसनापासून परावृत्त करण्याच्या प्रयत्नांस अफूविरोधी लोकशिक्षण असे म्हणता येईल. भारतातील या प्रयत्नांचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्याची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक म्हणजे, या काळाच्या बऱ्याच मोठ्या भागात अफूचा विक्रेता स्वतः सरकारच होते आणि त्यामुळे लोकशिक्षण करणाऱ्यांचा पहिला सामना व्यसनी माणसाशी नव्हे, तर राज्याच्या महसुलाशी होता. दुसरे म्हणजे, अफू घेणाऱ्यांपैकी अनेक जण ती सुखासाठी घेत नसत; आजार, श्रम, भूक किंवा मूल सांभाळण्याची अडचण यांवरचा तो स्वस्त उपाय होता. ही गरज ओळखून तिची सोय लावली गेली तेथे उपदेशाला फळ आले. नुसता उपदेश बहुधा वाया गेला.

पार्श्वभूमी : खसखशीच्या झाडाच्या अपक्व बोंडांना चिरा पाडल्या असता पाझरणारा चीक वाळवून अफू तयार करतात. तीत मॉर्फीन, कोडीन इ. अल्कलॉइडे असतात. मॉर्फीन हे फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अफूपासून वेगळे केले. मॉर्फिनावर प्रक्रिया करून हेरॉइन हा अधिक तीव्र पदार्थ १८७४ मध्ये प्रथम बनविण्यात आला आणि १८९८ पासून एका जर्मन औषधकंपनीने तो खोकल्यावरील औषध म्हणून विक्रीस आणला. अफूने वेदना शमतात, झोप येते व जुलाब थांबतात. म्हणून औषधात तिला मोलाचे स्थान आहे. तथापि तिची सवय लवकर जडते, तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि ती एकाएकी बंद केल्यास अंगदुखी, अतिसार, निद्रानाश व तीव्र अस्वस्थता उद्भवते. मात्रा अधिक झाल्यास श्वसनक्रिया मंदावून मृत्यू ओढवतो. लहान मुलांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो.

भारतात अफू गिळण्याची किंवा पाण्यात कालवून पिण्याची रीत जुनी आहे. राजस्थान व सौराष्ट्र या भागांत पाहुण्यास कसुंबा देणे हा आतिथ्याचा भाग होता. खोकला, अतिसार, हिवताप यांवर घरगुती औषध म्हणूनही ती सर्वत्र वापरली जाई. मदक व चंडू या रूपांत ती ओढण्याची चाल मात्र समाजात हीन मानली जाई.

सरकारी मक्ता : ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगालमधील अफूच्या खरेदीचा मक्ता आपल्याकडे घेतला व १७९७ पासून उत्पादनही आपल्या ताब्यात आणले. पाटणा व गाझीपूर येथे तयार झालेली अफू कलकत्त्यास लिलावाने विकली जाई आणि व्यापारी ती चीनमध्ये नेत. माळव्यातील संस्थानांत पिकणारी अफू पास-शुल्क भरून मुंबई बंदरातून बाहेर जाई. मुंबईच्या अनेक पेढ्यांच्या भरभराटीस या व्यापाराचा हातभार लागला. चीनने १८३९ मध्ये वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्यानंतर पहिले अफू युद्ध (१८३९–४२) झाले. १८५७ व १८७८ च्या कायद्यांनी देशातील लागवड व विक्री परवान्यांखाली आणली. त्यांचा हेतू अफू बंद करणे हा नसून तिच्यावरील नियंत्रण व उत्पन्न सुरक्षित राखणे हा होता.

महसूल व लोकहित यांतील विसंगती आसाममध्ये सर्वांत स्पष्टपणे दिसली. तेथे घरोघरी खसखस पिकविली जाई व अफूचे व्यसन सर्व थरांत पसरले होते. सरकारने १८६० मध्ये खाजगी लागवडीस बंदी केली, परंतु परवान्याच्या दुकानांतून सरकारी अफू विकणे चालू ठेवले. ही बंदी आणि नव्या करांची भीती यांमुळे १८६१ मध्ये नौगाँग जिल्ह्यातील फुलागुडी येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व त्यात एक इंग्रज अधिकारी मारला गेला. त्याच वर्षी हेमचंद्र बरुआ यांचे कानीयार कीर्तन हे असमिया नाटक प्रसिद्ध झाले. ‘कानी’ म्हणजे अफू व ‘कानीया’ म्हणजे अफूबाज. सुखवस्तू घरातील पुरुषाची या व्यसनापायी झालेली दुर्दशा उपरोधाने रंगविणारे हे नाटक भारतीय भाषांतील व्यसनविरोधी साहित्याचा एक आद्य नमुना होय.

एकोणिसाव्या शतकातील चळवळ : इंग्लंडमध्ये १८७४ साली क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने अफूव्यापाराच्या निर्मूलनासाठी एक संस्था स्थापन झाली. भारतात दादाभाई नवरोजी यांनी आपल्या आर्थिक लेखनात या व्यापाराचा निषेध केला. भारतातून इंग्लंडकडे होणारा संपत्तीचा ओघ अंशतः चिनी जनतेच्या व्यसनातून भरून काढला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. रवींद्रनाथ टागोर यांनी १८८१ मध्ये भारती या बंगाली मासिकात चीनमधील अफूव्यापारावर टीकालेख लिहिला. पुण्यामुंबईकडील ख्रिस्ती कार्यकर्त्या सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये या प्रश्नावर व्याख्याने दिली; अफूधोरणाबद्दल ब्रिटिश सरकारवर आरोप ठेवणारी त्यांची पुस्तिका १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. घरातील पुरुषाच्या व्यसनाची झळ स्त्रियांना कशी लागते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

या दडपणामुळे १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमण्यात आला. आयोगाने सातशेहून अधिक साक्षी नोंदविल्या. भारतात अफूचे सेवन बहुधा मर्यादित प्रमाणात होते, त्यामुळे व्यापक शारीरिक किंवा नैतिक ऱ्हास झालेला नाही आणि बंदीची आवश्यकता नाही, असा निष्कर्ष आयोगाने १८९५ मध्ये काढला. हेन्री विल्सन या सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडली. अफू हिवतापावर गुणकारी असल्याची समजूत व उत्पन्न बुडण्याची धास्ती या दोहोंचा प्रभाव साक्षींवर पडला होता. निषेध करणाऱ्यांच्या प्रचारातही अतिशयोक्ती होती आणि आयोगाने तिच्यावर बोट ठेवले. अफू घेणारा प्रत्येक जण उद्ध्वस्त होतो, हे विधान खेड्यातील माणसाच्या अनुभवाशी जुळत नव्हते. त्यामुळे प्रचारातील खरा भागही संशयास्पद ठरला. पुढे दहा-बारा वर्षे ही चळवळ मंदावली. १९०७ च्या करारान्वये चीनकडे होणारी निर्यात दरवर्षी घटविण्याचे ठरले व १९१३ मध्ये ती थांबली. १९१२ मध्ये हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. देशांतर्गत विक्री मात्र चालूच राहिली.

गिरणगावातील बाळगोळी : मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना बाळगोळी म्हणजे अफूमिश्रित गोळी देत. मुंबई सरकारने १९२० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत स्त्रीकामगारांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्यांची नेमणूक केली. गिरणीकामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळून आले. त्याच सुमारास मुंबईतील नोंदलेले बालमृत्युमान दर हजारी सहाशेच्या वर गेले होते. त्याची कारणे अनेक होती : एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे, साथीचे रोग, मातांचे कुपोषण. पण गुंगीत पडलेले मूल दूध कमी पिते, त्याची वाढ खुंटते व आजाराचा प्रतिकार करण्याची त्याची शक्ती क्षीण होते, ही गोष्टही तितकीच खरी होती.

ही प्रथा केवळ अज्ञानातून आली, असे मानणे योग्य ठरणार नाही. १९२२ च्या कारखाना कायद्यानुसारदेखील कामाचा दिवस अकरा तासांचा होता. मूल चाळीत एखाद्या म्हातारीपाशी किंवा शेजारणीपाशी ठेवून कामावर जाणे आईस भाग होते. गोळी दिली की मूल निजून राही. न दिली तर ते दिवसभर भुकेने रडे. गोळी परवान्याच्या दुकानातील अफूपासून बनत असे व तिची किंमत गरिबासही परवडे. अशा आईस अफू विषारी आहे असे सांगणे तिच्या दृष्टीने अपुरे होते. मुलाला कोठे ठेवावे, हा तिचा प्रश्न होता. काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ अधिनियमाने बाळंतपणाच्या काळात स्त्रीकामगारांना आर्थिक साहाय्य मिळाले. १९३१ मध्ये शाही कामगार आयोगाने अर्भकांना अफू देण्याच्या प्रथेची दखल घेतली. १९३४ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला आणि १९४८ च्या अधिनियमाने ती सोय बंधनकारक केली. बाळगोळीच्या निर्मूलनात आरोग्यसेविकांच्या सांगण्याइतकाच या तरतुदींचा वाटा मानावा लागेल.

आसाममधील चौकशी : महात्मा गांधींच्या १९२१ मधील आसाम दौऱ्यानंतर स्वयंसेवकांनी गावोगावी सभा घेऊन व दुकानांवर निरोधने करून अफूविरोधी प्रचार केला आणि अफूचा खप मोठ्या प्रमाणात घटला. सरकारने अनेक कार्यकर्त्यांना अटक केली. काँग्रेसने नेमलेल्या समितीने कुलाधर चलिहा यांच्या अध्यक्षतेखाली व सी. एफ्. अँड्रूज यांच्या साहाय्याने चौकशी करून १९२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. औषधी उपयोगाखेरीज अफूविक्री बंद करावी, चाळीस वर्षांवरील जुन्या व्यसनींची नोंद करून त्यांना ठरावीक मात्रा द्यावी व त्याहून तरुण असलेल्यांस रुग्ण समजून औषधोपचार करावेत, अशा तिच्या शिफारशी होत्या. व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका एका सार्वजनिक समितीने इतक्या आधी घेतली, हे लक्षणीय आहे. राष्ट्रसंघाच्या तज्ञांनी त्या सुमारास दर दहा हजार लोकसंख्येस वर्षाला सहा शेर अफू औषधासाठी पुरेशी ठरविली होती. अँड्रूज यांनी या मोजमापाने भारतातील जिल्ह्याजिल्ह्यांतील खप तपासला. त्यामुळे वाद भावनेऐवजी आकड्यांवर आला. १९३९ मध्ये गोपीनाथ बारडोलाय यांच्या मंत्रिमंडळाने आसामच्या काही भागांत अफूबंदीची मोहीम सुरू केली.

स्वातंत्र्योत्तर काळ : संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक अशा मादक पदार्थांच्या सेवनास औषधी प्रयोजनाखेरीज प्रतिबंध करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधेतर विक्री क्रमाक्रमाने घटवून ३१ मार्च १९५९ पर्यंत संपविण्याचे ठरविले. नोंदणीकृत व्यसनींना वैद्यकीय आधारावर मात्रा देण्याची सोय ठेवण्यात आली. अशा प्रकारे सरकार व अफूची दुकाने यांचे नाते तुटले आणि लोकशिक्षणातील मूळची विसंगती दूर झाली. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील परवानाधारक लागवड औषधनिर्मितीपुरती चालू आहे.

१९८० नंतर अशुद्ध हेरॉइन, म्हणजे ‘ब्राउन शुगर’ किंवा ‘गर्द’, मुंबई-पुण्यातील तरुणांत पसरले. १९८५ मध्ये गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कडक अधिनियम संमत झाला. अनिल अवचट यांनी या व्यसनावर केलेल्या लेखनाने महाराष्ट्रातील वाचकवर्ग जागा झाला. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व त्यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य लाभले. उपचार, व्यसनमुक्त झालेल्यांचा आधार व कुटुंबाचे शिक्षण ही त्याच्या कार्याची अंगे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ मध्ये २६ जून हा अंमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून घोषित केला.

कठोर कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. शिक्षेच्या धास्तीने रुग्णालये व डॉक्टर मॉर्फीन बाळगण्यास कचरू लागले आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना असह्य वेदना सोसाव्या लागल्या. हा दोष दूर करण्यासाठी २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करण्यात आली. पदार्थाविषयी सरसकट भय निर्माण करणारे शिक्षण किती हानिकारक ठरू शकते, याचे हे उदाहरण होय.

मूल्यमापन : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सु. २ कोटी २६ लक्ष लोक अफू, हेरॉइन वा तत्सम औषधे सेवन करतात आणि बेकायदेशीर पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना उपचार मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधक मानकांतही केवळ माहिती देणारी वा भीती दाखविणारी व्याख्याने निष्फळ ठरतात, तर पालकांना साहाय्य व मुलांना जीवनकौशल्यांचे शिक्षण देणारे कार्यक्रम उपयोगी पडतात, असे नमूद आहे. गिरणगाव व आसाम येथील अनुभव याहून निराळा नाही. खरी व मोजून सांगितलेली माहिती, पदार्थाच्या विक्रीत ज्याचा लाभ नाही असा सांगणारा, आणि ऐकणाऱ्याच्या अडचणीवर दुसरा उपाय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच अफूविरोधी लोकशिक्षणास यश आले, असे या इतिहासावरून दिसते.