फुटपाथवरच्या बायांनी आखलेलं घर

मैत्रिणींनो, घराचा नकाशा काढणं हे इंजिनियर साहेबांचं काम, असं आपण धरून चालतो. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी मात्र आपलं घर आपणच आखलं. आज त्यांची गोष्ट ऐकू या.

गावाकडे पोट भरेना म्हणून ही कुटुंबं मुंबईत आली आणि कामाजवळ, रस्त्याच्या कडेलाच राहिली. १९८१ मध्ये सरकारने फुटपाथवरची घरं हटवायला घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या निकालात न्यायालयाने रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळा करायला परवानगीही दिली.

मग जायचं कुठे? ‘स्पार्क’ संस्थेच्या साथीने फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी झाली. १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ उभं राहिलं. आपल्या बचत गटासारखेच थोडे थोडे पैसे साठू लागले. सोबत घराचा विचार सुरू झाला. मोजायला साडी, नमुन्याला पुठ्ठा! जागा लहान, म्हणून उंची १४ फूट धरली आणि आत माळा काढला. पुढे बऱ्याच वर्षांनी मानखुर्दच्या मिलन नगरात काहींना पक्की घरं मिळाली.

आपल्या गावातही नळ, गटार, शौचालय, घरकुल यांची जागा ठरतेच. पाणी भरणारीला ती कुणी विचारतं का? ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे आपण रिकाम्या हाताने नको, मोजमाप घेऊनच जाऊ या.