खांदेरी आणि उंदेरी यांमधील सामुद्रधुनी

मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी व उंदेरी हीं दोन लहान बेटें आहेत. उंदेरी किनाऱ्याजवळ, तर खांदेरी तिच्या पलीकडे, पश्चिमेस. या दुर्गांविषयीं लिहितांना तट, बुरूज व तोफा यांकडे लक्ष जातें. मधल्या पाण्याकडे सहसा जात नाहीं. वास्तविक 'द्वीप' हा शब्दच 'द्वि' आणि 'अप्' यांपासून सिद्ध झाला आहे. दोहों बाजूंस पाणी असलेलें तें द्वीप. पाणी वगळून द्वीपाचा इतिहास सांगणें म्हणजे शब्दाचा अर्धा अर्थ टाकून देणें होय.

प्रथम नांवाचा घोळ दूर केला पाहिजे. इंग्रजांच्या पत्रव्यवहारांत 'हेंड्री केंड्री' असें जोडनांव येतें; आणि १६७९ सालच्या पत्रांत तें बहुधा एकट्या खांदेरीस उद्देशून असतें. हें न जाणतां वाचणारा दोन्ही बेटें एकाच वेळीं मराठ्यांच्या हातीं आलीं असें समजतो, आणि मग पुढील वर्षाच्या घटनांचा उलगडा त्यास होत नाहीं.

घटना अशा. खांदेरीवर दुर्ग बांधण्याचा शिवाजी महाराजांचा १६७२ मधील प्रयत्न इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळें थांबला. ऑगस्ट १६७९ मध्यें मायनाक भंडारी यानें बेटावर उतरून काम पुन्हां सुरू केलें. बेट मुंबईचें, असा हक्क सांगून इंग्रजांनीं गलबतें पाठविलीं. सप्टेंबरांत बेटावर उतरूं पाहणारा थॉर्प हा अधिकारी मारला गेला. ऑक्टोबरांत दौलतखानाच्या आरमाराशीं मोठी झुंज झाली. तींत 'डव्ह' ही गुराब मराठ्यांनीं धरली. तथापि मिंचिन व केग्विन यांच्या 'रिव्हेंज' जहाजापुढें मराठी आरमारास नागोठण्याच्या खाडीकडे हटावें लागलें.

येथें मुख्य प्रश्न उपस्थित होतो. आरमार हटलें, तरी खांदेरी पडली कां नाहीं? उत्तर पाण्यांत आहे. इंग्रजी जहाजें वाऱ्याच्या आधीन आणि खोल पाण्याचीं. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांनीं चालणाऱ्या. वारा पडला कीं रात्रीं त्या पहाऱ्यांतून निसटत आणि बेटास रसद व माणसें पोंचवीत. जहाजांचा पहारा त्यांस अडवूं शकला नाहीं.

हें वर्म सिद्दी कासीमानें ओळखलें. जानेवारी १६८० मध्यें त्यानें उंदेरी व्यापून तेथें तटबंदी आरंभिली. त्या बेटाचें मोल स्वतःचें नव्हे. खांदेरी आणि किनारा यांमधील वाटेवर तें उभें आहे, हेंच त्याचें मोल. मराठ्यांनीं थळच्या बाजूनें तोफा डागल्या, दौलतखान चालून गेला व जखमी झाला. परंतु सिद्दी हलला नाहीं. इंग्रजांनीं मराठ्यांशीं तह करून अंग काढून घेतलें. एप्रिलमध्यें महाराज निवर्तले, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें संभाजी महाराजांच्या माणसांनीं उंदेरीवर रात्रीं घातलेला छापा मोठ्या हानीनें फसला. खांदेरी घेऊनही सामुद्रधुनी पुरती हातीं आली नव्हती, हा त्या वर्षाचा खरा निष्कर्ष होय.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत मराठ्यांचे बारा दुर्ग समाविष्ट झाले. त्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाहीं. गौरव यथार्थच आहे. परंतु एक बेट उजेडांत आणि दुसरें अंधारांत राहिल्यास मधलें पाणी पुन्हां विस्मृतींत जाईल.

म्हणून संग्राहकांस एक विनंती आहे. या संग्रामाचा तपशील आपणांस मुख्यतः इंग्रजी वखारींच्या पत्रांतून, म्हणजे पहारा करणाऱ्याच्या दृष्टीनें मिळतो; पहारा चुकविणाऱ्याची बाजू त्यांत कशी यावी? अष्टागरांतील घराण्यांच्या दप्तरांत तांडेल, खलाशी, धान्य, दारूगोळा, होड्यांचें भाडें यांविषयीं मोडी चिटोरे आढळल्यास, त्यांवर राजमुद्रा नाहीं म्हणून ते टाकूं नयेत. सनदेवरून दुर्ग कोणाचा तें कळतें. तो कसा टिकला, तें अशा चिटोऱ्यांवरूनच कळण्याजोगें आहे.