चिखलाने तोललेली भिंत

काळ्या मातीत घर बांधणाऱ्या मुखेडकरांना पायाची महती सांगायला नको. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते. याला कारण तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज. बेंटोनाइट मातीचा मुख्य घटकही तोच. आणि तिच्याच पातळ चिखलाच्या आधाराने जगातील कित्येक मोठ्या इमारतींचे पाये उभे राहिले आहेत.

भर वस्तीत खोल खणावे, तर कडा ढासळतात व शेजारची घरे खचतात. १९५० च्या सुमारास इटलीत ख्रिश्चन वेडर या अभियंत्याने व मिलानच्या इकोस कंपनीने यावर तोड काढली. अरुंद चर यंत्राने खणावयाचा व तो बेंटोनाइटच्या चिखलाने सतत भरलेला ठेवावयाचा. चिखलाचा दाब कडा रेटून धरतो. मग त्यात सळ्यांचा सांगाडा सोडून नळीने तळापासून काँक्रीट भरावयाचे. हलका चिखल वर येतो, तो स्वच्छ करून पुन्हा वापरतात.

आरंभी ही भिंत म्हणजे केवळ आडोसा. पण मिलानच्या भुयारी रेल्वेत, १९५७ ते १९६४ या काळात, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आधी छत टाकले, वर रस्ता सुरू केला आणि मग खालची माती काढली. आडोसा भार वाहू लागला! पुढे क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांखाली याच रीतीने काँक्रीटचे आयताकृती खांब खोलवर उतरले. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राची तळघरे अशाच भिंतीने वेढलेली होती. २००१ साली मनोरे कोसळले, तरी ती बहुतांशी टिकली. भारतात १९७२ साली पायाभरणी झालेल्या कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेने ही रीत वापरली. १९८० साली आपले भारतीय मानकही झाले.

कामगारांच्या दृष्टीने आम्हास यातील मोठे मोल निराळेच वाटते. विहीर खणताना दरड कोसळून माणूस गाडला जातो; या चरात माणसाला उतरावेच लागत नाही. मात्र जोखीम संपलेली नाही. नळी काँक्रीटमधून वेळेआधी वर ओढली गेली, किंवा चिखल गढूळ राहिला, तर भिंतीच्या पोटात मातीचा खिसा राहतो आणि वरून तो कोणास दिसत नाही. आडोशात एक वेळ खपेल ते भार वाहणाऱ्या भिंतीत खपत नाही. रात्रपाळीला नळी धरणाऱ्या मजुरास पुरती विश्रांती, शिकवण आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार हवा. तो दिला नाही, तर वरच्या मजल्यांची हमी कोण देणार?