औंध संस्थानातील सामुदायिक सूर्यनमस्कार : योग, दमसास आणि नागरिकत्व (१९०९–१९४८)

प्रस्तावना

योगाभ्यास ही एकांतातील साधना आणि दमसास ही तालमीतील किंवा मैदानातील मेहनतीची कमाई, अशी विभागणी आपण सर्वसाधारणपणे करतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानात ही विभागणी मोडली गेली. तेथे आसन, श्वास, मंत्र आणि मेहनत यांची सांगड घालून तो अभ्यास शाळांतून समूहाने करविला गेला. जोसेफ ऑल्टर, मार्क सिंगलटन, एलियट गोल्डबर्ग या अभ्यासकांनी आधुनिक योगाच्या जडणघडणीतील औंधचा वाटा दाखवून दिला आहे. त्यांचा रोख मुख्यत्वे योगाच्या आधुनिक व जागतिक स्वरूपाकडे आहे. ज्या गावांतून हा अभ्यास झाला त्या गावांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होता, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारात घेतला आहे. राजाच्या आज्ञेने कमावलेले शरीर प्रजेचे राहते की नागरिकाचे होते, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे.

प्रदेश आणि पूर्वपरंपरा

औंध संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे त्याचे विखुरलेले भाग होते आणि त्यांत मिळून ७२ गावे होती. आज औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात आहे. स्वातंत्र्यपूर्व काळी सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून या विषयाकडे पाहताना दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

या परिसरात बलोपासनेची परंपरा जुनी होती. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक सातारा व सांगली परिसरातच आहेत. स्वतः समर्थ नित्य शेकड्यांनी नमस्कार घालीत, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. गावोगावच्या तालमींत जोर, बैठका व कुस्ती यांबरोबर नमस्कारही चालत. तथापि नमस्काराची गणना योगात होत नसे. ‘हठयोगप्रदीपिके’वरील ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ या टीकेत तर अतिरिक्त सूर्यनमस्कार व जड ओझी वाहणे यांस कायाक्लेश मानून साधकाने ते टाळावेत असे सुचविले आहे. अर्थात, नमस्कार हा योग आहे की व्यायाम, हा वाद औंधपूर्वीचाच आहे.

भवानरावांचा प्रयोग

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ साली औंधच्या गादीवर आले. त्यांचा व्यायामाचा प्रवास त्या काळाचे प्रतिबिंब म्हणावा असा आहे. १८९७च्या सुमारास त्यांनी प्रख्यात मल्ल युजेन सँडो याची साधने व पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. छाती व स्नायू भरले, परंतु सर्वांगीण आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे समाधान झाले नाही. पुढे मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या सूचनेवरून त्यांनी १९०८च्या सुमारास पद्धतशीर सूर्यनमस्कार सुरू केले. सँडोच्या उपकरणांकडून नमस्कारांकडे झालेल्या या वळणामागे स्वदेशीचा अभिमान होताच. त्यासोबत एक व्यावहारिक हिशेबही होता. खटाव, माण, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागातील शेतकऱ्याच्या मुलाला उपकरणे परवडणारी नव्हती. नमस्कारास अंथरूणभर जागा व थोडा वेळ एवढेच भांडवल पुरत असे.

भवानरावांनी या विषयावर मराठीत व इंग्रजीत लिहिले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता तेथील पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्यांच्या पद्धतीस प्रसिद्धी दिली आणि १९३८ साली ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे त्यांचे पुस्तक प्रकाशित झाले. औंध येथेच दीर्घकाळ वास्तव्यास असलेल्या पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही स्वाध्याय मंडळामार्फत आसने व सूर्यभेदन व्यायाम यांवर पुस्तके लिहून या प्रयत्नास वैचारिक पाठबळ दिले.

समूह, मंत्र आणि दम

संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार आवश्यक करण्यात आले. मुलांप्रमाणे मुलींकडूनही ते करविले जात आणि राणीसाहेबही नियमित नमस्कार घालीत. स्त्रियांनी व्यायाम करावा की नाही याविषयी समाजात संकोच असण्याच्या त्या काळात ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

एक नमस्कार म्हणजे पुढे वाकणे, साष्टांग होणे, छाती वर उचलणे व पुन्हा उभे राहणे अशा स्थितींची अखंड साखळी होय. एकदोन नमस्कारांनी सांधे मोकळे होतात. तेच पंचवीस-पन्नासांच्या घरात गेले की हृदय व फुफ्फुसे यांच्यावर ताण येतो आणि दमसास वाढू लागतो. या ताणाचे नियमन श्वास व मंत्र करतात. प्रत्येक नमस्काराआधी ‘ह्रां’, ‘ह्रीं’ इत्यादी बीजाक्षरे व सूर्याचे नाव मोठ्याने म्हणण्यात श्वास सावरण्यापुरती विश्रांती मिळते. समूहात याच उच्चाराने सर्वांची गती एक होते. चपळ मुलास थांबावे लागते, मंद मुलास इतरांचा आवाज ओढून नेतो. तालमीत एक मल्ल दुसऱ्याशी झुंजत असतो. येथे चढाओढीची जागा सहगतीने घेतली होती. मंत्र हा गणती, विश्रांती व प्रार्थना ही तिन्ही कामे करीत होता, असे म्हणता येईल.

सक्ती आणि संमती

मंत्र ही प्रार्थनाही असल्याने एक गंभीर प्रश्न निर्माण होतो. विविध धर्मांची मुले ज्या शाळेत शिकतात तेथे उपासनेचे अंग असलेला व्यायाम राजाज्ञेने सर्वांना लागू करणे कितपत न्याय्य? २००७ साली मध्य प्रदेशातील शाळांतील सामूहिक सूर्यनमस्कारांच्या कार्यक्रमावरून हाच वाद उद्भवला होता. औंधचा राजा प्रजावत्सल होता म्हणून हा प्रश्न गैरलागू ठरत नाही. उलट सद्हेतूने केलेली सक्ती अधिक बारकाईने तपासावी लागते.

या दृष्टीने १९३८-३९ हा काळ निर्णायक आहे. म. गांधींचे मार्गदर्शन, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचे परिश्रम व युवराज अप्पासाहेब पंत यांचा पुढाकार यांतून औंधमध्ये जबाबदार राज्यपद्धती आली. जानेवारी १९३९च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींच्या पायावर लोकांचे राज्य उभे केले. त्याच सुमारास आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत वसविण्यात आली. तेथे शिस्तीचा आधार भिंत व बेडी यांऐवजी विश्वास हा होता. शाळेत नमस्काराची आज्ञा देणारे संस्थान कारागृहात विश्वासाचा प्रयोग करीत होते, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

कुंडलचा पडताळा

१९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. औंध संस्थानातील कुंडल हे तिचे एक प्रमुख केंद्र होते. जी. डी. बापू लाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे तुफान सेना संघटित केली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीनजीक रेल्वेवर घातलेला छापा ही तिची प्रसिद्ध कृती होय. रात्रीचा पायी प्रवास, अपुरे अन्न, सततची सावधगिरी व एकमेकांवरील विसंबून राहणे यांवर भूमिगतांचे जीवन चालत होते. त्यास दमसास व समूहशिस्त दोन्ही अपरिहार्य होत्या.

शाळेतील नमस्कारांमुळे तुफान सेना निर्माण झाली, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. ब्रिटिश हद्दीतील अनेक गावांचे तरुणही या चळवळीत होते, तालमींची परंपरा सर्वत्र होती आणि सत्यशोधक चळवळीने शेतकरी समाजात आत्मविश्वास पेरला होता. तुलना मात्र उद्बोधक आहे. शाळेच्या पटांगणात शरीर आज्ञेने समूहात सामील झाले. तुफान सेनेत ते स्वतःच्या निर्णयाने सामील झाले. कष्ट दोन्हीकडे होते, परंतु कष्टाचा धनी बदलला होता.

निष्कर्ष

मार्च १९४८ मध्ये औंधचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले आणि संस्थानी आज्ञेचे युग संपले. सूर्यनमस्कार मात्र टिकले. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या चढणीवर अर्धमॅरेथॉन होते, तर २०१५ पासून २१ जून रोजी पटांगणांत सामूहिक योगासने होतात. दम आणि आसन यांची जोड या भूमीस नवी नाही, एवढे उपरोक्त विवेचनावरून स्पष्ट होते.

औंधच्या प्रयोगाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली, साधनांविना, अल्प वेळात, मुलामुलींना एकत्र गतीने दमसास कमावता येतो. दुसरी, आज्ञेने सवय लावता येते, परंतु सवयीचे व्रत होण्यास करणाऱ्याची संमती लागते. आपल्या महाविद्यालयांतून योगदिन साजरा करताना हजेरीपटावरील संख्या मोजली जाते. त्यापैकी कितीजण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीही न बोलावता पटांगणावर येतात, हीच औंधच्या इतिहासाने आपल्या हाती दिलेली खरी कसोटी होय.