थिब्याचा राजवाडा आणि वळिवड्याची छावणी

रत्नागिरीस आलेल्या पाहुण्याला आम्ही प्रथम समुद्र दाखवितों आणि नंतर थिब्याचा राजवाडा. त्या तांबड्या इमारतीचीं उतरतीं छपरें पाहून पाहुणा बहुधा एकच उद्गार काढतो : 'कैदी खरा, पण इंग्रजांनीं ठेवला मात्र राजासारखा !' हा उद्गार आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, त्याचा एकदां विचार करणें प्राप्त आहे. परमुलखांतून आलेल्या माणसाला छप्पर व अन्न दिलें म्हणजे त्यास आश्रय दिला, असें म्हणतां येईल काय ?

ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास इंग्रजांनीं नोव्हेंबर १८८५ मध्यें पदच्युत केलें, आधीं मद्रासेस नेलें आणि एप्रिल १८८६ मध्यें रत्नागिरीस आणून ठेविलें. राणी सुपयालत व लहान मुली बरोबर होत्या. चौथी कन्या येथेंच जन्मली. राजवाडा तयार झाला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे बंदिवासाचीं जवळ जवळ चोवीस वर्षें लोटल्यावर. सरकारी वेतन पुरेना म्हणून राजानें बरोबर आणलेलें जडजवाहीर विकलें. बाहेर जावयाचें तर परवानगी लागे. आणि दाद मागावयाची ती ज्यांनीं कैद केलें त्यांच्याकडेच अर्ज करून. डिसेंबर १९१६ मध्यें तो येथेंच वारला. कुटुंबास मायदेशीं जाण्याची मुभा मिळाली ती १९१९ सालीं. थोरली राजकन्या मात्र पुढें रत्नागिरीस परतली आणि १९४७ मध्यें येथेंच निवर्तली. जें गांव बापाचा तुरुंग होतें, तेंच तिचें घर होऊन बसलें होतें.

थिबा हा राजबंदी, निर्वासित नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच्या कथेंत जें नाहीं तें दुसऱ्या एका कथेंत स्पष्ट दिसतें, आणि ती कथा फार दूरची नाहीं. आंबा घाट चढून कोल्हापुरास गेलें म्हणजे शहराच्या पूर्वेस, पंचगंगेच्या आसमंतांत, वळिवडें हें गांव लागतें. १९३९ मध्यें जर्मनी व रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला, आणि पूर्वेकडील लाखों माणसें सैबेरियांत व कझाकस्तानांत हद्दपार झालीं. १९४१ मध्यें हिटलरनें रशियावर स्वारी केली, तेव्हां त्यांची सुटका झाली. त्यांतील कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें मुलांना ठाव दिला, आणि १९४३ मध्यें वळिवड्यास मोठी छावणी उघडली. तेथें सुमारें ५,००० माणसें राहत; बहुतेक स्त्रिया व मुलें.

या छावणीच्या व्यवस्थेकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. प्रत्येक कुटुंबास निराळें बिऱ्हाड होतें आणि खर्चासाठीं रोख भत्ता मिळे. स्वयंपाक ज्याचा त्यानें करावयाचा. शाळा पोलिश भाषेंत चाले. देऊळ, दवाखाना, नाटकगृह हीं त्यांचीं स्वतःचीं होतीं आणि प्रमुखहि पोलिशच होता. खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारवर होता. मुंबईंतील पोलिश वकिलाच्या पत्नी किरा बानासिन्स्का या पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधि म्हणून या कामांत झटत होत्या. सारांश, या लोकांना नुसतें अन्न मिळत नव्हतें. आपलें घर आपण चालविण्याची मोकळीक होती आणि त्यांच्या वतीनें बोलणारें माणूस होतें.

त्या बोलणाऱ्याची किंमत १९४५ मध्यें कळली. त्या वर्षीं ब्रिटननें वॉर्सामधील नव्या सरकारास मान्यता दिली. लंडनचें सरकार व त्याचे वकील यांचा अधिकार संपला. यांचीं मूळ गांवें तर रशियांत गेलेलीं. अशा वेळीं संयुक्त राष्ट्रांच्या मदत-संस्थेनें त्यांचा भार उचलला नसता, तर छावणी असूनहि हीं माणसें निराधार झालीं असतीं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पुष्कळ जण इंग्लंडांत गेले, कांहीं इतरत्र. त्याच जागीं फाळणीनें उखडलेले सिंधी लोक आले, आणि त्यांच्या हातून कापडाच्या घाऊक व्यापाराचें गांधीनगर उभें राहिलें. त्यांनाहि घरदार सोडावें लागलें होतें. पण ते या देशाचे नागरिक होते. दाद मागण्याकरितां त्यांना दुसऱ्या कोणाचें तोंड उसनें घ्यावें लागलें नाहीं.

१९५१ मध्यें निर्वासितांविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला. जेथें जिवास धोका आहे तेथें निर्वासितास परत लोटूं नये, हें त्याचें मुख्य कलम. भारतानें त्यावर सही केलेली नाहीं. आपण तिबेटी लोकांना ठाव दिला, श्रीलंकेच्या तमिळांना दिला. परंतु तो त्या त्या वेळच्या सरकारच्या इच्छेनें. औदार्य ही थोर गोष्ट खरी. पण ज्याला दिलें त्यानें तें हक्कानें मागूं नये, अशीच तिची रीत असते. थिब्याला राजवाडा मिळाला तो याच रीतीनें.

म्हणून यापुढें राजवाडा पाहून पाहुणा तो उद्गार काढील, तेव्हां त्याला एवढेंच विचारावें असें आम्हांस वाटतें : 'या माणसाचें गाऱ्हाणें ऐकणारा, त्याला कैद करणाऱ्यांवांचून दुसरा कोणी होता काय ?'